बंगईसाठी चार भोकं

मी ग्रेडर आहे. म्हणजे कापसाचा. मानवतच्या खरेदी केंद्रावर गाडी आली की मी ढिगात हात घालतो, मूठभर कापूस काढतो, दोन अंगठ्यांत धरून ओढतो आणि धागा किती लांब, किती पक्का, पाणी मारलेला की कोरडा, हे जागच्या जागी सांगतो. मी काय बोलतो याकडं पेडगावापासूनचे शेतकरी जीव मुठीत धरून बघत असतात. हे एवढ्यासाठी सांगितलं, की ज्या माणसाच्या अंगठ्याला सगळी पंचक्रोशी मान देते, त्या माणसाला परभणीच्या एका दुकानदारानं ड्रिल मशीनच्या बाबतीत साफ उल्लू बनवावं, हे मला आजही पटत नाही.

पण आधी बंगईचं, म्हणजे घरातल्या झोपाळ्याचं सांगतो, कारण बंगई नसती तर मी त्या दुकानाची पायरी चढलोच नसतो.

आमच्या नर्मदाबाईंचं माहेर चारठाण्याचं. सासरे गेल्यावर तिच्या भावांनी वाटण्या केल्या आणि रिवाजाप्रमाणं बहिणीला हक्कसोडीवर सही करायला जिंतूरला बोलावलं. बहिणीनं सही करायची, भावांनी लुगडं-चोळी करायची, मग सगळ्यांनी हॉटेलात भजे खायचे आणि आपापल्या गावाला जायचं, असा तो कार्यक्रम असतो. हिनं सही केली. लुगडं पुढं आलं तेव्हा म्हणाली, "लुगडं ऱ्हाऊ द्या. मला बापूंची बंगई द्या."

तिचा थोरला भाऊ सूर्यभान हसायलाच लागला. "बंगई? अगं, काय करतीस तिचं?"

"बसते," ही म्हणाली.

तर अशी ती बंगई, तीन माणसं ऐसपैस बसतील अशी सागवानी फळी आणि पितळी साखळ्या, कडब्याच्या ट्रॉलीत आडवी होऊन आमच्या घरी आली. आमची बैठक स्लॅबची. घर बांधताना छतात पंख्याचा एक हूक तेवढा टाकलेला, बाकी छत कोरं. बंगईला चार कड्या लागतात. म्हणून फळी भिंतीला टेकवून उभी केली, साखळ्या पोत्यात घातल्या, आणि मी म्हणालो, "आठ दिवसांत लावून देतो."  ही रोज दुपारी चिंधीला गोडं तेल लावून ती फळी पुसायची. मी घरी असलो की आतून तो चिंधीचा आवाज ऐकू यायचा. आठ दिवस झाले, मग संक्रांत झाली, मग उन्हाळा गेला. ती पुसत होती आणि मी ऐकत होतो. एकदा तरी भांडली असती तर बरं झालं असतं.

आमच्या शेजारी दत्तराव राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता रिटायर झालेत, पण नियंत्रण काही सुटलेलं नाही. ते म्हणाले, "पंख्याच्या हुकाला लटकवा की! पंखा तसाबी कुठं फिरतोय?" मी म्हणालो, एका हुकाला बंगई लटकवली तर ती झुलणार नाही, गरागरा फिरेल. ते म्हणाले, "मग फिरंल. वारा लागंल."

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं स्टुलावर चढून छन्नीवर घण मारला. भोक पडलं नाही, पण परातीएवढा गिलावा सुटून खाली आला, आणि खाली नेमकं नर्मदाबाईंनी झाकण न ठेवता आणलेलं पिठलं होतं. मिस्त्री खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, "साहेब, सळई हाय आत. मी न्हाई हात लावत. स्लॅब चिरला तर माझ्या नावानं बोंब. ह्येला ड्रिल मशीन पायजे, ठोके देत फिरणारी." आणि गिलाव्याचं पिठलं तसंच टाकून निघून गेला.

झालं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत दुसरा विषय राहिला नाही. आमच्या गल्लीतल्या एकाही माणसानं आयुष्यात ड्रिल मशीन हातात धरलेलं नव्हतं, त्यामुळं प्रत्येकाचं मत अतिशय ठाम होतं. दत्तरावांचा पक्ष जर्मनीचा. "जर्मन माल म्हंजे काय इचारता! युद्ध हरले, पण मशीन न्हाई हरलं." पलीकडच्या हिंदीच्या मास्तरांचा पक्ष जपानचा, कारण त्यांच्या मेव्हण्याचं घड्याळ जपानी होतं आणि ते विहिरीत पडूनसुद्धा चालत होतं. आमच्या केंद्रावरचा चौकीदार म्हणाला, मशीन कुठलीबी घ्या, पण लाल रंगाची घेऊ नका, लाल रंगाची लवकर तापते. मी हे सगळं ऐकून घेत होतो आणि मनात हसत होतो. कारण मालाची पारख ही ऐकण्यातली गोष्ट नाही, हातातली गोष्ट आहे. वजन बघायचं, चकाकी बघायची, पकड बघायची. मी कापसाची पारख करतो, लोखंडाची होत नाही की काय!

परभणीला जायला निघालो तो नामांतराचा बंद. अर्ध्या रस्त्यातून एसटी परत फिरली. पुढच्या आठवड्यात गेलो. दुकानदारानं तीन मशीनं मांडली आणि गप्प उभा राहिला. आता वाटतं, तो गप्प उभा राहिला तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं. एक दिसायला बारकं होतं, रंग गेलेला, वरचं नावसुद्धा धड वाचता येईना. दुसरं बरं होतं. तिसरं काय सांगू! हिरवंगार, चकाचक, डब्यावर सोंड वर केलेला हत्ती आणि खाली सोनेरी अक्षरांत 'गजराज'. हातात घेतलं तर हात खाली गेला, इतकं वजन. दुकानदार फक्त एवढंच म्हणाला, "साहब, आपने तो हात में लेते ही पहचान लिया." कापसाच्या हंगामात शेतकरी मला हेच म्हणतात आणि तेव्हा मला राग येतो. या वेळी आला नाही.

गजराज घरी आणला त्या संध्याकाळी बैठकीत बसायला जागा नव्हती. मी स्टुलावर चढलो. नर्मदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं होतं, सोडत होती, परत गुंडाळत होती. मी बटण दाबलं. गजराजनं आवाज मात्र असा काढला की दत्तरावांच्या मांडीवरचा नातू रडायला लागला. छताला टेकवला. पातं फिरलं, फिरलं, छताला एक चकचकीत टिकली पडली, आणि गजराजच्या सोंडेतून नव्हे, मागून धूर निघाला. ठोके देण्याची सोय त्यात नव्हतीच. ते लाकडाला भोकं पाडायचं मशीन होतं, आणि लाकडालाही पाडलं असतं की नाही, शंका आहे. वजन कशाचं होतं म्हणून नंतर उघडून बघितलं, तर आत शिशाचा एक गोळा बसवलेला. कापसाला पाणी मारून वजन वाढवणाऱ्या शंभर जणांना मी पकडलंय. मला शिसं मारलं!

हिंदीचे मास्तर एवढंच म्हणाले, "हत्ती जपानमध्ये नसतोच." लोक उठून गेले. नर्मदाबाईनं पदराचं टोक सोडलं आणि म्हणाली, "चहा टाकू का?" मला त्या चहाची इतकी लाज वाटली की मी तो न पिताच फिरायला निघून गेलो.

आता जर्मन मशीन कुठं मिळेल, हा एकच ध्यास लागला. शोध लागला दत्तरावांमुळंच, हे कबूल करायला पाहिजे. कालव्याच्या कामाचं एक वर्कशॉप गावाबाहेर होतं आणि तिथले स्टोअरकीपर व्यंकटराव हे दत्तरावांच्या साडूचे दोस्त. मी भेटायला गेलो. व्यंकटरावांनी कुलूप उघडलं, कपाटातून एक पेटी काढली, पेटीतून मखमल काढली, आणि मखमलीतून ते मशीन काढलं. काळपट निळं. चकाकी नाही, हत्ती नाही, सोनेरी अक्षरं नाहीत. हातात घेतलं तर मूठ आपोआप मिटली. लग्नाच्या वेळी पहिल्यांदा हिचा हात हातात घेतला होता तेव्हा अशी मिटली होती, त्यानंतर आत्ता. व्यंकटराव म्हणाले, "नुसतं धरायचं. जोर लावायचा न्हाई. भोक ते पाडतंय, आपण फकस्त सोबतीला." खरं सांगतो, मी ते परत मखमलीवर ठेवलं तेव्हा माझा जीव वर-खाली झाला. असं एक यंत्र आपलं असावं, कपाटात नुसतं पडून असावं, कधीमधी काढून बघावं, असं वाटून गेलं.

व्यंकटराव माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, "साहेब दौऱ्यावर हाईत, दसऱ्याला सकाळी येणार. तवर घेऊन जा. पर गेटपास लागंल." गेटपासावर कारण लिहावं लागतं. 'बंगई' असं लिहिता येईना, म्हणून त्यांनी लिहिलं, 'दुरुस्तीसाठी'. गेटवरच्या पहारेकऱ्यानं पास वाचला, मशीन घेतलं, आपल्या खोलीतल्या प्लगला लावलं आणि बटण दाबलं. मशीन असं सुरेल चाललं की काय सांगू.

"हे तं चालू हाय," पहारेकरी म्हणाला. "दुरुस्तीला कसं काय जायलंय?"

आम्ही दोघं आत गेलो. व्यंकटरावांनी प्लगमधली एक वायर सोडवली. पुन्हा गेटवर आलो. आता मशीन चाललं नाही. पहारेकरी खूश झाला. पासावर शेरा मारला, 'बंद असल्याची खात्री केली', आणि म्हणाला, "येताना चालू पायजे. न्हाईतर आत घेणार न्हाई." व्यंकटरावांनी माझा दंड धरला. "नागनाथराव, ही मशीन बंद पडून वापस आली तर माझी नोकरी गेली समजा." मी म्हणालो, काळजी करू नका. मला बोलायला काय जातंय!

मशीन अष्टमीला घरी आलं. वायर जोडली, स्टुलावर चढलो, बटण दाबलं, आणि ते जर्मन यंत्र म्हाताऱ्या बैलासारखं हं-हं करत एक चक्कर फिरून थांबलं. मशीनचा दोष नव्हता; गजराजचा जीव बारका म्हणून तो मंद विजेवरही फिरला होता, ह्याला पुरी वीज लागायची. आमच्याकडं विहिरींवर मोटारी चालू झाल्या की गावात व्होल्टेज राहत नाही. बल्ब आत तार दिसेल इतका मंद जळतो, आणि ट्यूब तर लागतच नाही, नुसती डोळे मिचकावते. वीज कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं विचारलं, "घरगुती वापर हाय का औद्योगिक?" मी म्हणालो, बंगई आहे. तो म्हणाला, "बंगईचा कॉलम न्हाई." दुपार गेली, संध्याकाळ गेली. दत्तराव दर अर्ध्या तासानं येऊन बल्बकडं बघून जायचे आणि लेट गाडीची घोषणा करावी तसं म्हणायचे, "अजून न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तर आरशात माझा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं ब्लेडचा गुण. वर बघितलं तर बल्ब! लग्नघरात जळावा तसा जळत होता. पंखा भिंगरीसारखा फिरायला लागला, त्याच्यावरची वर्षभराची धूळ सगळ्या बैठकीत उडाली. ट्यूब न मिचकावता लागली. सगळ्या शिवारातल्या मोटारी बंद होत्या! मी अर्धी दाढी तशीच ठेवून ओरडलो, "अगं, व्होल्टेज आलं! मशीन आण!"

नर्मदाबाई आतून आली. तिच्या हातात पूजेचं ताट होतं.

"आज खंडेनवमी हाय," ती म्हणाली.

मोटारी का बंद होत्या, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. खंडेनवमीला अवजारांची पूजा. नांगर, विळे, खुरपी, मोटारी, सगळ्यांना कुंकू लावायचं आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. म्हणजे वर्षातून ज्या एका दिवशी आमच्या गावात ड्रिल मशीन चालण्याइतकी वीज असते, त्याच दिवशी ते चालवायचं नसतं.

"अगं पण, उद्या सकाळी हे परत द्यायचंय!"

"द्या की."

"तुझ्याच बंगईसाठी चाललंय ना हे सगळं!"

"म्हणूनच न्हाई म्हणायलेय. माझ्या बंगईचं काम नवमी मोडून? बापूंनी ह्या दिवशी कधी विळासुद्दा उचलला न्हाई." ती असं म्हणाली आणि तिचे डोळे बल्बकडं गेले. मी बघितलं. बराच वेळ तिकडंच होते. माझ्यापेक्षा तिला त्या उजेडाची जास्त भूक होती, आणि तीच नाही म्हणत होती. 

मी उरलेली दाढी करायला गेलो. परत येऊन बघतो तर पाटावर विळी, खलबत्ता, माझी केंद्रावरची कात्री, आणि मधोमध ते जर्मन मशीन. आलेल्या पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं, असा तिचा विचार. त्याला हळद लावलेली, कुंकू लावलेलं, हवा जायच्या फटींत झेंडूच्या पाकळ्या खोवलेल्या. आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं नारळ फोडून त्याचं पाणी भक्तिभावानं मशीनवर शिंपडलं. शिंपडलं म्हणजे बऱ्यापैकी ओतलं.

माझ्या डोळ्यांपुढं व्यंकटराव उभे राहिले, त्यांच्यामागं पहारेकरी, त्याच्यामागं दौऱ्यावरून आलेले साहेब. मी खालीच बसलो. ही घाबरली. "पुसून काढते की," म्हणाली. पण पुसणार कुठं कुठं! दिवसभर मशीन उन्हात ठेवलं. संध्याकाळी चुलीच्या उबेला ठेवलं, बाळंतिणीला शेक द्यावा तसं. दत्तराव तीनदा येऊन तब्येत विचारून गेले. चालू करून बघावं, तर नवमी. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि हिलाही नाही, पण दोघांनीही झोपल्याचं सोंग बरं वठवलं.

दसऱ्याला तांबडं फुटायच्या बेताला उठलो. मोटारी अजून पूजेतच होत्या, बल्ब लख्ख जळत होता. स्टुलावर चढलो, देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. मशीनच्या पोटातून एक जोराचा भपकारा निघाला. कालचं सगळं सुकलेलं हळदकुंकू माझ्या तोंडावर, डोक्यावर, बनियनवर. पण मशीन चालत होतं! आणि असं चालत होतं! व्यंकटराव म्हणाले होते तसं, मी नुसता सोबतीला. छतातून बारीक पीठ खाली येत होतं आणि पातं लोण्यात सुरी जावी तसं वर जात होतं. सळई लागली, ती चुकवून परत गेलं. पहिलं भोक पडलं तेव्हा नर्मदाबाई खालून बोटानं ते पीठ चाचपून बघत होती.

तेवढ्यात आवाज ऐकून दत्तराव आले. दारातून त्यांना मी दिसलो, तोंडभर लाल. "अरे बाप रे! डोकं फुटलं!" म्हणून ते जे पळाले, ते गल्लीतली चार माणसं आणि एक खाट घेऊनच परत आले. मी स्टुलावरून सांगतोय की कुंकू आहे, तर मास्तर म्हणतात, "बडबडायला लागलेत, मेंदूला लागलंय." दोघांनी माझे पाय धरून खाली ओढायला सुरुवात केली. शेवटी हिनं पुढं होऊन सगळ्यांच्या देखत माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि ते आपल्या कपाळाला लावलं. मग कुठं लोकांची खात्री पटली. पण आणलेली खाट रिकामी कशी न्यायची म्हणून दत्तराव तिच्यावर बसले, आणि उरलेली तीन भोकं पडेपर्यंत बसून राहिले.

आठच्या सुमाराला व्यंकटराव मशीन न्यायला आले. मी ते पुसून दिलं. मुठीच्या खाचेत थोडी हळद राहिलीच. ते सायकलवर पेटी बांधून कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा होतो. बहिणीला सासरी धाडल्यासारखं वाटलं, आणि ते दुसऱ्याचं मशीन होतं हे माहीत असूनही वाटलं. गेटवर ते चालू झालं, असा निरोप दुपारी आला.

बोल्ट बसले, कड्या बसल्या, बंगई चढली. मी ती अशी लावली की बसणाऱ्याचं तोंड दाराकडं यावं, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावी. संध्याकाळी सोनं द्यायला आलेला प्रत्येक जण तिच्यावर बसून गेला. दत्तराव दोनदा बसले. मास्तर झोका घेत म्हणाले, "जर्मन मान्य. पण जपानीनं भोक आणखी गुळगुळीत पाडलं असतं." नर्मदाबाई आत-बाहेर करत होती, सगळ्यांना लाडू देत होती. तिला कुणी बस म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही, कारण मी छताकडं बोट दाखवून मशीनचं वर्णन करत होतो.

सगळे गेल्यावर तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर आली. मला वाटलं आता बसेल. ती बंगईला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेली आणि दाराकडं पाठ करून बसली. समोर हातभरावर भिंत.

"अगं, तोंड इकडं करायचं. तिकडं भिंत हाय."

"तिकडं चारठाणा हाय," ती म्हणाली.

 ती हळूहळू झुलत होती. मग म्हणाली, "दिवाळीला न्यायला येतील का हो सूर्यभानदादा? सही झालीय. आता बंगईबी इथं आलीय. तिथं गेले तरी बसू कुठं?"

मला खूप वाटलं की म्हणावं, येतील, का नाही येणार.  हिला बंगई हवी होती असं मी इतके दिवस धरून चाललो होतो, आणि हिला तर ती तिथं हवी होती, बापूंच्या बैठकीत, जिथं ती आता कधीच असणार नव्हती. त्याला कुठलंही मशीन चालत नाही.  मीही पलीकडून वळसा घातला आणि तिच्या शेजारी, भिंतीकडं तोंड करून बसलो. बंगई थांबली.

"पाय उचला की," ती म्हणाली. "तुमचे पाय टेकायलेत."

मी पाय उचलले. तिनं जमिनीला टाच दिली, आणि आम्ही दोघं हातभर चारठाण्याकडं गेलो आणि हातभर परत आलो.